बाईंचं मिनिट

जयंतीबाईंचा जुना कॉम्प्युटर सुरू होईना म्हणून सुयोगने त्याचं झाकण उघडलं, आणि आतला कारभार बघून त्याला बाईंची कीव आली. प्रोसेसरवर स्वच्छ एकशे तेहतीस मेगाहर्ट्झ लिहिलेलं, आणि बोर्डावरची जोडणी मात्र दीडशेची. बसचा, म्हणजे बोर्डावरच्या डेटा-वाहिनीचा, वेग साडेसहासष्टच्या जागी पंच्याहत्तर, गुणिले दोनचा मल्टिप्लायर. बिचारं यंत्र पंचवीसेक वर्षं ऐपतीबाहेर धावत होतं.

सुयोग आठवडाभर अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरी करायचा आणि रविवारी लोकांचे जुने कॉम्प्युटर उघडून बसायचा. मुलुंडच्या गव्हाणपाड्यातल्या बाईंच्या या टायपिंग क्लासात तो स्वतः शिकला होता. वीस वर्षांपूर्वी इथे त्याची गाडी छत्तीस शब्दांपुढे कधी सरकली नव्हती, आणि सरकारी परीक्षेत मात्र त्याने मिनिटाला चाळीस शब्द हाणले होते. तेव्हापासून आपण ऐन वेळचे माणूस आहोत अशी त्याची खात्रीच झाली होती. "आयत्या वेळी माझ्या अंगात काहीतरी येतं," असं तो नोकरीच्या इंटरव्ह्यूत सांगायचा. मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं.

सैल झालेली केबल दाबताच कॉम्प्युटर सुरू झाला. तेवढ्यावर थांबेल तर तो सुयोग कसला? त्याने बसचा जंपर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी काळी टोपी, एका पिनांच्या जोडीवरून काढून शेजारच्या जोडीवर बसवला. झाले एकशे तेहतीस. बाई आत चहा टाकत होत्या. चांगलं काम बोलून दाखवू नये म्हणून तो बोलला नाही.

क्लासात नवे कॉम्प्युटर पाच होते, पण सराव परीक्षा बाई फक्त याच्यावर घेत. त्यातला प्रोग्रॅम त्यांच्या भावाने, विद्याधरने, मस्कतला जाण्यापूर्वी लिहिला होता. वेळ संपली की तो पेपर बंद करायचा आणि मिनिटाला किती शब्द झाले ते सांगायचा.

सोमवारी अक्षता घाडी त्याच्यावर बसली आणि तिचे एकतीस झाले. तीन महिने ही पोरगी अठ्ठावीसवर अडकली होती. तीसचं सर्टिफिकेट मिळालं तरच तिला कोर्टातल्या क्लार्कच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि पुढच्या परीक्षेपर्यंत तिचं वय उलटणार होतं. ही परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. तिच्यामागून अख्खी बॅच तीन-तीन, चार-चार शब्दांनी पुढे सरकली.

"सगळ्या एकदम हुशार झाल्या?" बाई एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सुयोग क्लासवर आला तर अक्षताची आई, रत्नप्रभाकाकू, पेढे घेऊन हजर.

"सुयोगभाऊ, तुमच्या हाताक यश आसा हां. मशीन बघलात आणि माझ्या चेडवाचो, अक्षताचो, हात सुटलो."

"थोडं बस बघितलं, काकू. थोडं मल्टिप्लायर," सुयोगने नम्रपणे दुसरा पेढा उचलला. मल्टिप्लायरला त्याने बोटही लावलं नव्हतं. काकू खुशीत निघाल्या आणि अक्षताला चुलतबहिणीच्या हळदीसाठी कणकवलीला घेऊन गेल्या. एकतीस झाल्यावर आता सराव कशाला?

त्या गेल्यावर बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"सुयोग, मिनिट किती सेकंदांचं?"

"साठ. अजून कितीचं असणार?"

"माझ्याकडे त्रेपन्नचं असतं."

मग उलगडा झाला. विद्याधरचा प्रोग्रॅम घड्याळ बघतच नव्हता. तो एका ठरावीक आकड्यापर्यंत मोजायचा आणि मोजून झालं की मिनिट संपलं म्हणायचा. प्रोसेसर जितका वेगात, तितकं मिनिट लहान. जाण्यापूर्वी भावाने हे बहिणीला समजावलं होतं, आणि बहिणीने त्याच संध्याकाळी बस पंच्याहत्तरवर नेली होती.

"पण का?"

"परीक्षेत हात थरथरतात रे. शेजारची खडखड वाजवत असते, सुपरवायझर पाठीशी उभा. तीन-चार शब्द तिथेच गळतात. ते मी इथेच कापून घेते."

बोलता बोलता बाईंनी झाकण काढलं, भुवयांच्या चिमट्याने जंपर उचलला आणि पुन्हा पंच्याहत्तरच्या जागी बसवला. बोर्डावर छापलेल्या तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुयोग थक्क झाला. कॉम्प्युटर पळवणारे शौकीन त्याने पुष्कळ पाहिले होते, पण त्यापायी पोरींची बोटं पळवणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होता. त्याला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

"आता मुलींना काय सांगायचं?"

"तू बिघडवलंस, मी दुरुस्त केलं. खरंच आहे की."

"बाई, माझी इज्जत..."

"परीक्षा तुझी आहे का?"

बाईंचा फोन गेल्यावर अक्षता मंगळवारी हळदीच्या हातांनी परत आली. सव्वीस झाले. ती तिथेच रडायला बसली. "कोणी हात लावला मशीनला?" असं तिने विचारताच सगळ्या बॅचने ऑफिसातून परस्पर आलेल्या सुयोगकडे पाहिलं.

"आमचे पेढे खाल्ल्यान आणि चेडवाची वाट लावल्यान," लेकीसोबत आलेल्या काकू कडाडल्या.

"माझंच चुकलं," सुयोग म्हणाला. जंपरबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

त्या रागावर अक्षता सकाळ-संध्याकाळ बडवत राहिली. सत्तावीस, अठ्ठावीस, शेवटच्या दिवशी एकोणतीस. तीस काही झाले नाहीत. परीक्षेला गेली ती नापास होण्याच्या तयारीनेच.

दीड महिन्याने निकाल लागला. बत्तीस. अक्षता पेढे घेऊन क्लासवर आली आणि मोठ्या मनाने एक सुयोगलाही दिला.

"तुम्ही मशीनची वाट लावून पण पास झाले हां, दादा. त्यानंतर क्लासात परत तीस नाही झाले. पण आयत्या वेळी माझ्या अंगात काहीतरी येतं ना."

सुयोगचा हात तोंडापाशी थांबला. छत्तीस शब्द, त्रेपन्न सेकंद. त्याने मनातल्या मनात गुणाकार केला, भागाकार केला. उत्तर चाळीस आलं, वर थोडी बाकीही उरली. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"दादा, इंटरव्ह्यूत हे सांगितलं तर चालेल?" अक्षताने विचारलं.

सुयोगने पेढा गिळला.

"बिनधास्त सांग. मी तर लग्न ठरवतानाही सांगितलं होतं."