गोधडीचं पोट

"गोधडी काय मोठी चीज हाये? तीस वर्षं पोत्याईचे तोंडं शिवले म्या. पोतं काय अन् गोधडी काय, टाका तं टाकाच असते."

हे वाक्य पुंडलिकरावांनी नेरच्या आपल्या घरात, सकाळच्या चहाला, बायको आणि लेकीच्या देखत म्हटलं. माणसानं कोणत्या वेळी तोंड बंद ठेवावं याचं एखादं पुस्तक कोणी काढलं, तर पहिल्या पानावर हेच वाक्य छापावं लागेल.

पुंडलिकराव म्हणजे धान्याच्या गोदामातून रिटायर झालेले गृहस्थ. दाभण आणि सुतळी हातात दिली की उभ्या उभ्या बारा टाक्यांत पोत्याचं तोंड बंद करायचे, आणि ते पोतं पुढं कोणाच्या बापाला सुटायचं नाही. हे त्यांचं आयुष्यातलं मोठं कर्तृत्व. दुसरं कर्तृत्व म्हणजे लेक दिपाली. ती पहिल्या बाळंतपणाला उमरखेडच्या सासरहून माहेरी आली होती, आणि दोनच दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती.

आता या घरची रीत अशी, की पहिल्या लेकराला बारशाच्या दिवशी पाळण्यात घालायचं ते आईच्या माहेरच्या गोधडीवर. तीही घरातल्या जुन्या लुगड्यांची आणि घरच्याच हाताची. विकतची चालत नाही. पुंडलिकरावांच्या बायकोनं, विमलताईंनी, सातव्या महिन्यातच लुगडी धुऊन, उन्हं दाखवून, घड्या घालून ठेवली होती. आणि ऐन वेळी त्या न्हाणीत घसरल्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि बारसं दहा दिवसांवर.

त्यात दिपालीच्या सासूबाई, पंचफुलाबाई. गोधडी शिवण्यात या बाईंचा हात कोणी धरू शकत नाही. मोहरीएवढा टाका, आणि तोही सरळ रेषेत. त्यांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं, "विमलताई, हाताले जपा. गोधडीची फिकीर नका करू. मी आणते एक."

फोन ठेवून विमलताई भिंतीकडे तोंड करून पडल्या. "माह्या नातीले पह्यल्याच दिवशी दुसऱ्याच्या गोधडीवर टाका लागते," एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. चाळीस वर्षांच्या संसारात पुंडलिकरावांनी बायकोला रागावताना पुष्कळदा पाहिलं होतं, रडताना फार कमी. म्हणून ते पोत्याचं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. नुसती फुशारकी नव्हती ती, हे आपण ध्यानात ठेवू या.

पहिल्या दिवशी ते दाभण आणि सुतळीचा गुंडा घेऊनच ओसरीवर बसले.

"अजी, ते दाभण ठेवा," विमलताई खाटेवरून म्हणाल्या. "लेकरू झोपवाचं हाये, तूर भराची नाई."

मग सुई आली. सुईत दोरा ओवायला अर्धी सकाळ गेली. दोऱ्याचं टोक चाटून चाटून ओलं झालं, पण सुईचं भोक काही त्यांना दर्शन देईना. शेवटी दिपालीनं बाळाला मांडीवर घेऊन पाजता पाजताच दोरा ओवून दिला. बोटात अंगुस्तान घाला, असं विमलताईंनी सांगितलं, तर म्हणाले, ते बायांचं काम. पहिल्या तासात तीन बोटांना पट्ट्या लागल्या. दुसऱ्या तासात अंगुस्तान निमूटपणे बोटात गेलं.

"काठापासून सुरू करा, गोल गोल आत या," विमलताई शिकवत होत्या. "दोन ओळीत बोटभर जागा सोडा. अन् दोरा सैल ठेवा."

सैल हा शब्द मात्र पुंडलिकरावांच्या हाताला माहीत नव्हता. ते टाका घालायचे आणि दोरा असा करकचून ओढायचे, की आतली सहा लुगडी एकमेकांत गळाभेट घ्यायची. दुपारी जुने गोदामातले सोबती भगवानराव गंमत पाहायला आले आणि चहाचा कप घेऊन सतरंजीच्या एका टोकाला बसले. पुंडलिकरावांनी तोवर एक पूर्ण बाजू शिवून काढली होती.

"पाहा आता," असं म्हणून त्यांनी गोधडी दोन्ही हातांनी उचलली. तिच्याबरोबर सतरंजी उचलली गेली. सतरंजीबरोबर भगवानराव उलथले, आणि चहा त्यांच्या धोतरावर सांडला.

"मजबूत हाये बापा," भगवानराव जमिनीवरूनच म्हणाले. "मले धरून उचलली."

पुढचे दोन दिवस गोधडी आणि सतरंजी यांची फारकत करण्यात गेले. पण पुंडलिकराव हटले नाहीत. वेचणी सुरू झालेल्या कापसाचं शेत भावाच्या भरवशावर टाकून ते सकाळ-संध्याकाळ टाके घालत राहिले. रस्त्यानं बसस्टँडकडे जाणारे लोक थांबून विचारायचे, काका, काय शिवून राह्यले? ते मान वर न करता सांगायचे, नातीचं काम हाये. आठव्या दिवशी गोधडी जवळपास पूर्ण झाली. चारही कोपरे तेवढे बंद करायचे राहिले होते.

तेव्हा विमलताईंनी शेवटची गोष्ट सांगितली. "आता कोपऱ्यात घास ठेवा लागते. गोधडीचं पोट उपाशी ठेवाचं नाई, नाई तं लेकराले सारखी भूक लागते. अन् एक ध्यानात ठेवा, घास घातला का कोणाले सांगाचं नाई. मलेही नाई." इतकं सांगून त्या प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेल्या.

आता घास म्हणजे केवढा? पोळीचा नखाएवढा वाळका तुकडा. पण बायकांना ही गोष्ट इतकी माहीत असते की त्या सांगत नाहीत, आणि पुरुषांना इतकी माहीत नसते की ते विचारत नाहीत. पुंडलिकरावांनी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्यांचा डबा उघडला. आत कालची शिळी पोळी. त्यांचं मन काही धजेना. नातीची पहिली गोधडी, आणि तिच्या पोटात शिळं अन्न? उद्या उमरखेडच्या लोकांना काय तोंड दाखवायचं? मग त्यांची नजर फळीवर गेली. तिथं पंचफुलाबाईंनी बाळंतिणीसाठी पाठवलेले डिंकाचे लाडू होते. खारीक, खोबरं, गूळ, आणि हाताला लागेल इतकं तूप. पुंडलिकरावांनी चार कोपऱ्यांत चार अख्खे लाडू ठेवले आणि वरून असे टाके घातले, की तीस वर्षांचा अनुभव पणाला लागला. मग गोधडीची घडी घालून ती कपाटावर ठेवली आणि समाधानानं हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपालीनं लाडवांचा डबा उघडला. "आई, चार लाडू कमी हायेत."

विमलताईंनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. पुंडलिकरावांना सहा वर्षांपासून शुगर.

"अजी, लाडू तुमी खाल्ले?"

सांगायचं नाही, असं खुद्द तिनंच बजावलेलं. पुंडलिकराव थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. "खाल्ले," ते म्हणाले.

"चारी?"

"चारी."

त्यानंतर दोन दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, त्यांना पेलाभर कारल्याचा रस मिळाला. नातीचं पोट भरलेलं राहावं म्हणून आजोबांनी तो एका शब्दानं कुरकुर न करता घेतला. विमलताईंना नवल वाटलं. एरवी हा माणूस कारल्याच्या भाजीला शिवत नाही.

बाराव्या दिवशी बारसं. उमरखेडहून एसटीनं पंचफुलाबाई आल्या, जावई कपिल आला. पंचफुलाबाईंच्या काखेत एक गाठोडं होतं. त्यात काय आहे हे सगळ्यांना कळलं आणि कोणी विचारलं नाही. पाळण्यात पुंडलिकरावांची गोधडी अंथरली होती. मध्ये ती फुगली होती आणि चारही कोपरे जडपणानं खाली लोंबत होते.

पंचफुलाबाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं आणि व्याह्यांना विचारलं, "इवाई, हा टाका कुठचा?"

"गोदामातला," पुंडलिकराव ताठ मानेनं म्हणाले.

बाळाला ठेवण्याआधी गोधडी नीट करावी म्हणून बाईंनी कोपरा धरला. हाताला गोळा लागला. बोटांना तूप लागलं. मग त्यांचं लक्ष पाळण्याच्या दोरीकडे गेलं. दोरीवरून मुंग्यांची रांग शिस्तीत खाली उतरत होती.

"दिपाली, लेकरू घे मांगं," त्या म्हणाल्या.

दिपालीनं बाळ छातीशी धरलं. कोपरा उसवायला घेतला, तर कात्री चालेना. शेवटी विळीवर धरून कापला. आतून लाडू निघाला, मुंग्यांनी काळा झालेला. पंचफुलाबाईंनी तो ओळखला. स्वतःच्या हातानं वळलेला लाडू कोणती बाई ओळखणार नाही? दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरा निघाला.

"नाई आवडले तं सांगाचं होतं बाई," त्या सुनेला म्हणाल्या. "म्या वाईट मानलं नसतं. पण गोधडीत लपवाची काय गरज होती?"

"आई, म्या नाई हो लपवले," दिपाली रडकुंडीला आली. "बाबानं खाल्ले ना चार लाडू."

"खाल्ले तं इथं कसे आले?" कपिलनं विचारलं. सगळ्यांच्या माना पुंडलिकरावांकडे वळल्या. पंचफुलाबाईंनी गाठोडं पुन्हा काखेत घेतलं. विमलताईंचा चेहरा पांढरा पडला. लेकीच्या सासरची माणसं अशी रुसून गेली तर पुढं काय होतं, हे काही कोणाला सांगायला नको.

रीत मोडायची की सोयरीक? पुंडलिकरावांनी रीत मोडली.

"म्या घातले. घास म्हून."

"घास?" विमलताई म्हणाल्या. "अजी, नखाएवढा तुकडा असते तो पोळीचा."

"मंग सांगाचं होतं तसं."

"अन् मंग कारल्याचा रस काहून पेले दोन दिवस?"

"कोणाले सांगाचं नाई म्हणलं ना तू."

पंचफुलाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू काही आवरेना. "इवाई, गोधडीले घास घालाचा असते. तुमी तं पंगत बसवली." मग सगळं घर हसलं. कपिल हसला, विमलताई प्लास्टरचा हात पोटाशी धरून हसल्या. पुंडलिकरावही हसले, पण थोडे उशिरा.

हसू ओसरल्यावर पंचफुलाबाईंनी गाठोडं सोडलं. वर त्यांची गोधडी होती, निळ्या-पिवळ्या काठांची, पाहत राहावी अशी. विमलताईंनी मान खाली घातली. पण बाईंनी ती गोधडी बाजूला ठेवली आणि गाठोड्याच्या तळातून सुईदोऱ्याची डबी काढली. उरलेले दोन लाडू काढून टाकले, गोधडी अंगणात नेऊन झटकली, उन्हात धरली, ओल्या फडक्यानं पुसली. मग सगळ्यांचा चहा होईपर्यंत चारही कोपरे नव्यानं शिवून दिले.

"पह्यली गोधडी माहेरचीच," त्या म्हणाल्या. "रीत म्हंजे रीत." आणि नातीला त्यांनी स्वतःच पुंडलिकरावांच्या गोधडीवर ठेवलं. विमलताईंनी डाव्या हातानं विहिणीचा हात घट्ट धरला.

नाव ठेवलं खुशी. कानात नाव पडलं आणि खुशीनं लगेच गोधडी ओली केली. पंचफुलाबाईंनी तिला उचललं, गोधडीखाली हात घालून पाहिला आणि भुवया उंचावल्या. पाळण्यात थेंबभर पाणी उतरलं नव्हतं.

दुपारी बसस्टँडवर पुंडलिकराव पाव्हण्यांना पोचवायला गेले. एसटी लागायच्या आधी पंचफुलाबाईंनी त्यांना बाजूला बोलावलं.

"इवाई, फुरसत भेटली तं मलेही अशी एक शिवून द्या. चांगली मोठी."

पुंडलिकरावांची छाती भरून आली. उमरखेडच्या पंचफुलाबाई, आणि गोधडी मागतात आपल्याकडे!

"देतो ना. खाटेवर टाकाले पाह्यजे?"

"नाई जी. वावरात सोयाबीनचा ढीग लागला हाये, त्याच्यावर टाकाले. ताडपत्रीतून पाणी झिरपते हो, तुमच्या टाक्यातून नाई."

पुंडलिकरावांनी खिशातून पेन काढला आणि ढिगाची लांबी-रुंदी तळहातावर लिहून घेतली.