सगुणाबाई व तुळजाबाई दरबारी गेल्या त्याची हकीकत

श्री. ज्या देवाने अर्धे अंग नारीचे केले आणि त्यासाठी कोणाचा परवाना मागितला नाही, त्यास आधी नमस्कार. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, माघमास, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिल्यास लिहिणारास ताप होईल, वर्तले ते ऐसे.

सगुणाबाई सरकारी पागेत घोड्यांच्या वैद्य, आणि तुळजाबाई देवळाचे चौघड्यात सनई वाजवीत, आणि उभयतांचा संसार कैक वर्षांचा, चूल एक, भांडणही एकच, की आमटीत मीठ दोनदा कोणी घातले. सगुणाबाईंचे माहेर थोर, कारभार भागीरथी आत्याबाईंचे हाती, आणि दरारा ऐसा की जावई मंडळी आवाज न करता ताक पीत. तेथे दरसाल पूजा होई आणि सर्व जोडपी जोडीने पाटावर बसत, आणि तुळजाबाईंस सगुणाची मैत्रीण म्हणोन केळीची पाने पुसावयास देत, आणि त्या पुसता पुसता पाटांकडे पाहात, आणि ते पाहून सगुणाबाईंस घास उतरत नसे. मग एके वर्षी सगुणाबाईंनी धीर करून पुसिले की, आम्ही जोडीने कधी बसावे. आत्याबाई बोलिल्या की, दरबारचा शिक्क्याचा कागद आणा, तोंवर दोघींनी मिळोन येथे येऊ नये.

मग उभयता राजधानीस गेल्या आणि अर्ज गुदरला. पंडित उभे राहिले आणि म्हणाले की ऐसे लग्न मान्य केल्यास कुलाचार बुडेल, आणि कुलाचार म्हणजे काय ते सांगता सांगता आपसांतच भांडले. मग तुळजाबाईंस बोलण्याची आज्ञा जाहली.

"सरकार, ही आजारी पडते तेव्हां वैद्यशाळेत मला परक्यांच्या बाकावर बसवितात. मला हिच्या उशाशी बसावयाचे आहे."

दरबार गहिवरला, आणि उभयतांच्या मायेची स्तुती इतकी केली की त्यांस वाटले जिंकलो. मग हुकूम जाहला की माया खरी, परंतु तीस लग्न म्हणणे आमचे हाती नाही, सभेचे हाती आहे. सभेस पुसिले तों सभा म्हणाली, रयत अद्याप तयार नाही. कधी होणार, ऐसे पुसिले तों जेवणाची सुट्टी जाहली.

मग परतल्या. वाटेत तुळजाबाई म्हणाल्या की मी आपली येथूनच वळते, आणि सगुणाबाईंनी त्यांचा हात धरला तो सोडिला नाही. ऐशा माहेरी पोहोचल्या, तों आत्याबाई दारात, एक हात या चौकटीस, एक त्या चौकटीस, वाट अडवून उभ्या.

तुळजाबाई खाली पाहून बोलिल्या, "आत्याबाई, कागद मिळाला नाही. मी जाते."

"कागद मागितला कोणी?" आत्याबाई म्हणाल्या. "नाव घे, मग आत ये."

कागद त्यांनीच मागितला होता, परंतु हे त्यांस सांगणारा त्या घरी जन्मावयाचा आहे. मागाहून कळले की निकालाची वार्ता आधीच पोहोचली, आणि शेजारणी पेढे घेऊन आल्या की तुमची अब्रू राहिली, आणि त्या पेढ्यांनी आत्याबाईंचे माथे फिरले. उंबऱ्यावर तांदळाचे माप भरून ठेविले होते. तुळजाबाईंस यमक काही सुचेना. मग नुसतेच म्हणाल्या, "सगुणा." आणि कोणी थांबविले नाही म्हणोन पुन्हा म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा म्हणताना रडू आले. आत्याबाईंनी हात काढिला.

येणेप्रमाणे दरबारी हार जाहली आणि घरी गृहप्रवेश जाहला. वैद्यशाळेतील बाक मात्र अद्याप तेथेच आहे, आणि सगुणाबाईंस थोडा ताप आला तरी त्या तुळजाबाईंस सांगत नाहीत. इति.