पास्कूदादाची रिकामी पेटी

पास्कूदादाच्या ओटीवर एक शवपेटी आहे. ती रिकामी आहे. हे दुसरं वाक्य मी घाईघाईनं लिहिते, कारण पहिल्या वाक्यापाशीच बरीच माणसं उठून पळालेली मी पाहिली आहेत.

परवाचा गॅसवालाच घ्या. बोईसरहून येतो, परमुलखातला, त्यात नवीन. ओटीवर पाय टाकला तर समोर काळ्या कापडानं झाकलेली लांबलचक पेटी, उशाशी एक मेणबत्ती, पायथ्याशी एक. सिलिंडर खांद्यावर तसाच ठेवून तो हळूच म्हणाला, "अंकल, कौन गया?"

"कोई नहीं."

"तो फिर इसमें कौन है?"

"जो मिला नहीं, वो है," दादा म्हणाला.

सिलिंडर गडगडत आमच्या अंगणात आला. गॅसवाला त्याच्याही पुढे होता.

आमचं गाव बोईसरजवळच्या नवापूरच्या बाजूला, दर्याला लागून. एकीकडे कारखान्यांचा वास, दुसरीकडे सुकत घातलेल्या बोंबलांचा, आणि मध्ये आमची पंचवीस-तीस ख्रिस्ती घरं नि एक छोटंसं चर्च. पास्कूदादाचं घर माझ्या घराला भिंतीनं चिकटलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा शेजार. तो तेव्हा तांडेल होता, स्वतःची होडी, सहा खलाशी. पुढे एकाएकी होडी विकली आणि तेव्हापासून तो फक्त देवाच्या मागे लागला आहे. देवानं अजून काही उत्तर दिलेलं दिसत नाही, पण फादर लोकांनी मात्र बरंच ऐकून घेतलं आहे.

कारण दादाला नवं काहीच पटत नाही. मिस्सा, म्हणजे चर्चातली उपासना, हवी ती लॅटिनमध्ये. आता दादाला लॅटिन येतं का, तर नाही. लहानपणी कानावर पडलेलं तो म्हणतो, आणि मधला विसरलेला भाग आमच्या कोळी बोलीतल्या शब्दांनी भरून काढतो. पण म्हणतो अशा आवाजात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. फादर वेदीमागे उभे राहून लोकांकडे तोंड करतात, हेही त्याला खटकतं. "आमच्या तोंडावर काय लिवलंय? देवाकडं बघा ना!" गिटार वाजली की कानात कापसाचे बोळे. ते बोळे तो खिशात घेऊनच येतो, आणि शेजारी बसलेल्यालाही विचारतो, "तुला पायजे?"

कम्युनियनची, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीची, तर वेगळीच गोष्ट. हल्ली सगळे हातावर घेतात. दादा म्हणतो, "हे हात मच्छीचे, बिडीचे, भांडणाचे. ह्याच्यावर देवाला ठेवू?" तो गुडघे टेकून जिभेवरच घेणार. गुडघे टेकतात, पण उठत नाहीत. मग दोघांनी बगलेत धरून त्याला उभा करायचा, तोवर मागची रांग खोळंबलेली. करोनात जिभेवर देणं बंद झालं, तेव्हा हा गडी ते पुन्हा सुरू होईपर्यंत कम्युनियनशिवाय राहिला, पण हात काही पुढे केला नाही.

घरात संत अंतोनची मूर्ती आहे. हरवलेलं शोधून देणारा तो संत. आमच्यात जुनी माणसं काही हरवलं की त्याला भिंतीकडे तोंड करून उभा करत, सापडलं की पुन्हा वळवत. माझ्या सासूनं एकदा नथीसाठी तीन दिवस तसा उभा केला होता. पास्कूदादाचा संत अंतोन होडी विकली तेव्हापासून भिंतीकडेच बघतो आहे. पाठीवरचा रंगही उडाला. "दादा, असं काय हरवलंय तुझं?" मी एकदा विचारलं. त्यानं मला चहा दिला आणि दार लावून घेतलं. मी कपबशीसकट बाहेर.

आता पेटीचं सांगते. जुन्या काळी मृतांच्या दिवशी, म्हणजे दोन नोव्हेंबरला, काळे झगे घालून मिस्सा व्हायची आणि वेदीपुढे ही रिकामी पेटी ठेवायची. ज्यांचं शरीर समोर नाही, त्यांच्या वतीनं ती. फादर तिच्याभोवती फिरून पवित्र पाणी शिंपडत, धूप देत. दर्यावरच्या गावाला अशी पेटी लागतेच. दर्या सगळ्यांना परत देत नाही. पुढे पद्धत बदलली, पेटी झाडू-बादल्यांच्या खोलीत गेली आणि एका फादरांनी ती सरपणाला काढली. पास्कूदादानं ती हातगाडीवर घालून घरी आणली. दर दोन नोव्हेंबरला सकाळी ती चर्चात न्यायची, संध्याकाळी परत आणायची. त्यानंतर जे फादर आले त्यांनी म्हाताऱ्याचं वेड म्हणून चालू दिलं.

आणि एक गोष्ट, जी मी माझ्या लेकीलासुद्धा फोनवर सांगत नाही. ती पेटी जाताना जड असते आणि येताना हलकी. मी स्वतः कडी धरली आहे, म्हणून सांगते. जाताना चार माणसांना दम लागतो, येताना दोघं सहज आणतात. दमट हवेनं लाकूड फुगतं, असं मी मनाला सांगते. पण सकाळी फुगलेलं लाकूड संध्याकाळपर्यंत सुकतं का हो? दादाला विचारलं तर म्हणतो, "आत बसून येतात, उतरून जातात. टमटम हाय ती." एवढं बोलून तो बिडी शिलगावतो आणि मला रात्रभर झोप नाही.

दरवर्षी त्या दिवशी चर्चात मागच्या बाकावर डोंगराकडची एक बाई येऊन बसते. गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात कापडी पिशवी. मिस्सा कळत नसावी. माणसं गेली की ती पेटीपाशी जाऊन बसते, मग उठून निघून जाते. कुणाची कोण, कधी कुणी विचारलं नाही. दादाला मात्र तिची घाई. "तिच्या आधी पेटी पोचली पायजे," एवढंच तो दरवर्षी म्हणायचा.

यंदा जूनमध्ये फादर नेल्सन आले. तरुण, गोड आवाजाचे, मोटारसायकलवाले. घरोघर भेटी देत दादाकडे पोचले. दादा मागे आंघोळीला. फादरांनी पेटी पाहिली, मेणबत्त्या पाहिल्या, चपला काढल्या आणि सरळ अंत्यविधीच्या प्रार्थना सुरू केल्या. चांगल्या पंधरा मिनिटांच्या. मी खिडकीतून पाहत होते. मध्ये बोलावं तर प्रार्थना मोडते, म्हणून मीही क्रूसाची खूण करून सामील झाले. दादा पंचा गुंडाळून बाहेर आला, तोही हात जोडून उभा.

शेवटी फादरांनी त्याचा ओला हात धरला. "दादा, फार वाईट झालं. कोण होते?"

"कोणच नाय. रिकामी हाय," दादा खूश होऊन म्हणाला. "पन तुमी बरी प्रार्थना केलीत. फक्त मराठीत केलीत."

फादर आधी लाल झाले, मग हसले. पण नोव्हेंबर जवळ आला तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं. "दादा, पेटी यंदा चर्चात नको. लहान मुलं घाबरतात. आपण पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारी माणसं. रिकाम्या खोक्यावर पाणी शिंपडून काय साधतं?"

"फादर, तुमी पोप झाला तरी चालंल, पन पेटी येनार."

"नाही येणार."

"मंग तिला मी काय सांगू?"

"कुणाला?"

दादानं टोपी घातली आणि तो चालू लागला. त्यानंतरच्या दिवसांत तो कुणाशी भांडला नाही. रविवारी गिटार वाजली, त्यानं खिशातून बोळे काढले नाहीत. मला त्याचीच भीती वाटली. भर दुपारी, सगळी वाडी जेवून आडवी झालेली असताना, भिंतीपलीकडून टक् टक् ऐकू यायचं. लाकडावर बोटाच्या पेरानं वाजवावं तसं. एकदा मी ओरडले, "दादा, काय ठोकतोस?" तर तो माझ्याच मागच्या अंगणातून म्हणाला, "मी हितं हाय, फिलूबाय. तुझ्या शेवग्याच्या शेंगा काढतोय."

मी जपमाळ घेऊन बसले ती दिवे लागेपर्यंत.

दोन तारीख आली. सकाळी दफनभूमीत मिस्सा झाली, कबरींवर झेंडू नि मेणबत्त्या, सगळं छान. पेटी ओटीवरच. बाराच्या सुमारास मी चर्चात फुलदाण्या धुवायला गेले, तर ती डोंगराकडची बाई वेदीपुढच्या मोकळ्या जागेत उभी होती. फरशीकडे बघत.

"आज पेटी नाय?" तिनं विचारलं.

"दादाच्या घरी आहे. तुला कशाला हवी, बाय?"

"माजा मानूस हाय ना त्यात."

मी फुलदाणी खाली ठेवली. मागे फादर नेल्सन उभे होते, त्यांनीही ऐकलं. तिचं नाव बुधी. नवरा जान्या, पावसाळा सरला की डोंगरातून खाली उतरून होडीवर कामाला यायचा. पास्कूदादाच्या होडीवर. एका वर्षी दर्यात गेला तो सापडलाच नाही. ती दोन महिन्यांचं पोर घेऊन किनाऱ्यावर आली, बसून राहिली, माती द्यायला काहीच नाही. तेव्हा तांडेलानं तिला सांगितलं होतं, वर्षातनं एकदा ये, त्या दिवशी तो ह्या पेटीत असतो.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी झग्याच्या बाह्या वर केल्या. "फिलूमावशी, चला. एक कडी तुम्ही धरा."

ओटीवर दादा नव्हता. फादर, मी, बुधी आणि रस्त्यावरून हाक मारून आणलेला एक जाळी विणणारा, अशा चौघांनी पेटी उचलली. फादर तरुण माणूस, पण कोपऱ्यापर्यंत जाताच थांबले. घामाघूम. "आत काय आहे?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बुधी म्हणाली, "जडच हुता तो."

वेदीपुढे पेटी ठेवली. फादरांनी स्वतः मेणबत्त्या लावल्या. बुधी फरशीवर बसली, पेटीवर हात ठेवला आणि सहज, अंगणात बसून बोलावं तसं बोलू लागली. धाकटीला मुलगा झाला. भात बरं आलं यंदा. म्हैस विकली. तिला बोलू द्यावं म्हणून आम्ही दोघं बाहेर आलो.

पास्कूदादा बाहेर होता. कंपाउंडच्या भिंतीशी, डोक्यावर ऊन, टोपी हातात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, दरवर्षी ह्या दिवशी तो असाच बाहेर उभा असतो. आम्हाला वाटायचं, गिटारीचा राग.

"दादा, आत या," फादर म्हणाले. "पेटी आणली आहे."

"बघितली." त्यानं नजर वर केली नाही. "त्याचा बाप्तिस्मा नव्हता, फादर."

"तुमच्या जुन्या नियमात तर बाप्तिस्मा नसलेल्यासाठी पेटी ठेवणं मुळीच बसत नाही, दादा."

"नाय बसत. म्हनून तर कुनाला बोललो नाय."

फादर त्याच्या शेजारी भिंतीशी उभे राहिले. दादाच पुढे सांगू लागला, टोपीशी बोलावं तसं. जाळं सोडताना दोर जान्याच्या पायात अडकला, तो दर्यात ओढला जाऊ लागला. सुरा दादाच्या हातातच होता. दोर कापला असता तर जाळं गेलं असतं. "नवं जाळं, फादर. पयल्यांदाच पान्यात सोडलेलं. मी एक श्वास थांबलो. एकच."

"आत चला," फादर पुन्हा म्हणाले. त्यांनी त्याच्या दंडाला हात लावला.

"मी आत गेलो तर तो बोलायचा नाय तिच्याशी."

चर्चात बुधीचा आवाज थांबला होता. समोरचा माणूस बोलत असताना आपण थांबतो, तशी ती थांबली होती. मग ती हसली. छोटंसं, ओळखीचं हसू. फादरांचा हात नकळत गळ्यातल्या क्रूसाकडे गेला. ऊन होतं, पानही हलत नव्हतं, आणि माझ्या पाठीवरून गार काहीतरी सरकत गेलं.

पास्कूदादानं माझा पदर धरला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"फिलूबाय, तू जा आत," तो म्हणाला. "तिच्या बाजूला बस. जान्या माझ्याबद्दल काय बोलतो का, तेवढं ऐक."

मी चपला काढल्या आणि आत गेले.