पिंपळनेरचा प्राणी बहुमताने मंजूर

प्राणी नामशेष झाला की त्याला स्वतःचं मत उरत नाही. म्हणून त्याच्या वतीने समिती नेमावी लागते. पिंपळनेरला पांझरेच्या काठी खोदकामात दगड झालेली तीन हाडं निघाली, तेव्हा गावाने आठवड्याच्या आत सात जणांची समिती नेमली. (दर हाडामागे सव्वादोन सदस्य. एक कोणी जरा जास्तच.)

अध्यक्ष झाले कापडवाले रुपचंदशेठ. वाचनालयाच्या भिंतीवर प्राण्याचं पूर्ण आकाराचं चित्र काढायचं ठरलं आणि काम हनीफभाईंकडे आलं. ते तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत आलेले. माणूस सरळ. हाडं पाहून म्हणाले, "शेठ, बाकीचा प्राणी कुठंय?"

"तो तुम्ही काढायचा."

पायांच्या संख्येवरून बैठकीत मतभेद झाले. अकरा म्हशी सांभाळणाऱ्या वच्छलाबाईंनी ते मिटवले. "बठ्ठा जनावरेसले चारच पाय ऱ्हातस, भाऊ. यान्हं काय न्यारं शे?" ठराव संमत.

एक हाड वाकडं आणि टोकदार होतं. शालिग्राम गुरुजींनी ते शिंग ठरवून नाकावर बसवलं. परदेशात दोनशे वर्षांपूर्वी एका प्राण्याच्या अंगठ्याचं हाड चित्रांत नाकावर बसवलं गेलं आणि तिथे ते पन्नास वर्षं सुखाने राहिलं, असा दाखला त्यांनी दिला. परदेशात चालतं म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

आहारावर अध्यक्षांनी चर्चाच होऊ दिली नाही. "आपल्या गावात निघालाय. शाकाहारीच असणार."

चेहरा प्रसन्न असावा, हे चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं. (तिघांना करारी हवा होता.) 'पांझरासुर' हे नाव बदनामीकारक वाटल्याने 'पांझराभूषण' ठेवलं. पहिल्या महिन्यात चारशे बारा लोक आले. चारशे नऊ जणांनी सेल्फी काढला, तिघांनी पंखा लावायला सांगितलं.

मग हनीफभाईंची मुलगी मिसबाह सुट्टीत घरी आली. ती पुण्यात भूशास्त्र शिकते. हाड हातात घेऊन म्हणाली, "अब्बा, हे शिंग नाही. पाणघोड्याचा सुळा वाटतोय. तोंडातला."

हनीफभाईंना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते शिडी लावून शिंग पुसायला चढले. रुपचंदशेठांनी खालून शिडी धरली.

"उतरा, हनीफभाई."

"माझ्या हातची चूक आहे, शेठ. पोरं रोज बघतात."

"चूक नाही. ठराव आहे."

तातडीची बैठक झाली. मिसबाहने अर्धा तास समजावून सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं आणि तिला शाल-नारळ दिला. पाणघोडा गवत खातो, हे कळताच अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. समिती बरोबर निघाली होती. त्यानंतर चित्र कायम ठेवण्याचा आणि चित्राशी न जुळणारं हाड कपाटात ठेवण्याचा ठराव एकमताने झाला.

हनीफभाई पुन्हा ब्रश घेऊन भिंतीशी गेले. चित्राखाली त्यांनी आपल्या सर्वात सुबक अक्षरात लिहिलं: 'हाडं तीन. बाकी अंदाज.' समितीने ते पुसलं नाही, कारण भिंतीवरचं कोणी वाचत नाही.

तुम्ही समितीला हसलात, हे योग्यच झालं. फक्त एक शंका आहे. या हकिकतीत प्राण्याचा रंग कुठेही सांगितलेला नाही; तरी तुमच्या डोळ्यांपुढे उभा आहे तो बिनरंगाचा नाही. तो रंग तुम्ही कोणत्या हाडावरून काढलात?