इंगळे फिटरचा बिनपाण्याचा बर्गर

आमच्या शेजारचे मधुकरराव इंगळे घरी आलेल्या माणसाला पाणी देत नाहीत.

खामगावात, तेही उन्हाळ्यात, एखाद्याबद्दल असं बोलणं म्हणजे त्याची अब्रू वेशीवर टांगणं आहे. आमच्याकडे दारात आलेला माणूस वर्गणी मागायला आलेला असो नाहीतर भांडायला, आधी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या येतो. तो पाणी पितो, मिशा पुसतो आणि मग भांडतो. इंगळ्यांकडे मात्र आधी हॅमबर्गर येतो. घरचा, मटणाच्या खिम्याचा, मधुकररावांच्या स्वतःच्या हातचा. तो बशीत ठेवून ते समोर स्टूल ओढून बसतात आणि तुमच्या गळ्याकडे बघत राहतात. तोंडाकडे नाही, गळ्याकडे. तिसऱ्या घासाच्या सुमाराला पुढे वाकून विचारतात,

"सर, पाणी लागते काय?"

तुम्ही भाबडेपणाने हो म्हणालात की त्यांचा चेहरा उतरतो. "कोणत्या घासाले वाटलं? पह्यल्या का दुसऱ्या?" एवढी जबानी झाली की मग पाणी मिळतं, आणि तेही असं की जणू आपण काही चोरून नेतोय. अख्खा बर्गर पाण्याच्या घोटाशिवाय कोणाच्या तरी घशाखाली उतरला पाहिजे, एवढीच त्यांची जिद्द. ती कशासाठी, हे आम्ही कधी विचारलं नाही. मी शाळामास्तर आहे. दुसऱ्याचं उत्तर तपासायची सवय आहे मला, प्रश्न विचारायची तेवढी नाही.

मधुकरराव जन्मभर एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये होते. सैल, फुगलेली रुई यंत्राखाली दाबून तिची दगडासारखी गठाण बांधायची, आणि ते दाबणारं यंत्र अडलं की मधुकररावांना हाक मारायची. म्हणून गावात ते इंगळे फिटर. यंत्राच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे बोलणं मोठ्याने, आणि हातात घेतलेली कुठलीही वस्तू जरा जास्तच आवळून धरायची खोड. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्यांनी गल्लीतले नळ, पंखे आणि सायकली दुरुस्त केल्या. मग त्यांच्या बायकोचं, द्वारकाबाईंचं, तोंडाचं दुखणं निघालं. नागपूरला ऑपरेशन झालं, नंतर दीड महिना तिथेच राहून लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतले. परत आल्या तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी 'बरं झालं बुवा, सुटल्या एकदाच्या' असं म्हणून टाकलं. त्या फारशा बाहेर येत नसत. अशक्तपणा असेल, असं आम्ही धरून चाललो.

आणि नागपूरहून आल्यावर पंधरा दिवसांत मधुकररावांनी हॅमबर्गर करायला घेतले.

पहिला बर्गर मी विसरणार नाही. फिटर माणूस, त्यांनी ओळखीच्या लेथवर पोलादी साचा कातून आणला होता. त्यात खिमा भरला आणि वरून ट्रकचा जॅक लावून दाबला. सगळ्या टिक्क्या अगदी एका मापाच्या, कडा अशा की बोट कापावं. आमच्याबरोबर डोंगरदिवे कंडक्टर होते. जळगाव जामोदच्या गाडीवर जन्म काढलेला माणूस, पाणी प्यायला बसला की बाटली रिकामी करूनच उठणारा. त्यांनी टिक्की बोटांत धरून फिरवून फिरवून पाहिली.

"फिटर, हे रेल्वेनं पाठोता येते. फुटनार नाई."

मधुकरराव हसले नाहीत. चार दिवस दिसलेही नाहीत. पाचव्या दिवशी मी शाळेत निघालो होतो, तर सायकल अडवून म्हणाले, "सर, चुकी समजली. मी गठाण बांधली. गठाणीत ओल राहू देतच नाईत. आपल्याले तं उलटं पाह्यजे!"

तेव्हापासून 'दाबू नका' हा त्यांचा मंत्र झाला. खांद्याचं मटण, चरबीसकट. खिमा थंडगार, आणि तो मळायचा नाही, बोटांच्या टोकांनी नुसता गोळा करायचा. मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी, आधी टाकलं की मांस घट्ट होतं. मधोमध अंगठ्याने खळगा. बिडाचा तवा, उलटणं एकदाच, आणि उतरवल्यावर पाच मिनिटं कोणी हात लावायचा नाही. त्या पाच मिनिटांत आम्ही बोलायचोसुद्धा हळू. एकदा ते आमच्याकडे आले असताना माझी बायको मंगला तव्यावरचा फुलका फडक्याने दाबत होती, तर हे दारातूनच ओरडले, "वहिनी, दाबू नका!" दाबल्याशिवाय फुलका फुगत नाही, हे तिने त्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

आणखी एक गोष्ट. बर्गरमध्ये तिखट अजिबात नाही. मिरची नाही, मिरे नाहीत, लसूण नाही. आंबट म्हणून टोमॅटोसुद्धा नाही. नुसता मंद आचेवर लोण्यात मऊ केलेला कांदा. वऱ्हाडी माणसाने मटणात तिखट घालू नये हे आम्हाला पाणी न देण्यापेक्षाही विचित्र वाटायचं. डोंगरदिवे एकदा खिशातून ठेच्याची डबी घेऊन आले. मधुकररावांनी ती काढून घेतली आणि जाताना परत केली.

"डोकं फिरलं नाही त्यांचं," मंगला म्हणाली. "माणूस घाबरला की काहीतरी धरून बसतो. ह्यांनी तवा धरलाय."

तिला माझ्यापेक्षा आधी कळतं, हा आमच्या घरातला जुना अनुभव आहे.

त्यांच्याकडे बर्गर खाण्यात असे किती रविवार गेले, मोजले नाहीत. मला खरं सांगायचं तर कंटाळा आला होता. दर आठवड्याला आपला गळा दुसऱ्याच्या नजरेखाली धरायचा आणि शेवटी पाणी मागून त्या माणसाचा हिरमोड करायचा. म्हणून एका रविवारी त्यांनी विचारलं, "सर, पाणी लागते काय?" तेव्हा मी पाहुण्याने म्हणायचं ते म्हणालो.

"छे, छे. काही नको. झकास जमलाय."

घास घशात अडकला होता. तो मी आवंढ्यावर आवंढा गिळून खाली ढकलला आणि वर हसून दाखवलं. आपल्याकडे चहा नको, जेवण नको, काही त्रास नको म्हणायची जी सवय असते, त्यातलंच ते. मधुकरराव ताडकन उठले. असा उजळलेला चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. तव्यावरची दुसरी टिक्की पावात घातली, बशी घेतली आणि आत गेले.

दोन मिनिटांनी आतून खोकल्याचा आवाज आला. साधा नव्हे. श्वास कोंडल्याचा, घरघरणारा. मी धावलो.

स्वयंपाकघरात द्वारकाबाई पाटावर वाकून बसल्या होत्या आणि मधुकरराव त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. पाण्याचा ग्लास कलंडला होता. बशीतल्या बर्गरचा एकच घास तोडलेला होता. बऱ्याच वेळाने घास सुटला. त्यांनी मला पाहिलं आणि पदर तोंडावर ओढला. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना जवळून पाहत होतो. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं.

मधुकरराव माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही तं म्हणले, पाणी नाई लागलं."

त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी खाली मान घालून खरं सांगितलं, की लागलं होतं. एवढी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

"जाऊ द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. शब्द जड, अर्धे जिभेवरच राहणारे. "सर, माया तोंडाले ओलच नाई राह्यली. लाईटनं आटवली. घास गेला की पाणी, घास गेला की पाणी. पाण्यानंच पोट भरते. जेवन कुठी ठेवू?"

मग हळूहळू सगळं सांगितलं दोघांनी. द्वारकाबाईंचं वजन दर तपासणीला उतरत होतं. पुढच्या महिन्यात नागपूरला जायचं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की आता आणखी उतरलं तर पुन्हा नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. ती नळी त्यांनी एकदा भोगली होती.

"मराले भेत नाई मी," त्या म्हणाल्या. "पन ते नळी नको सर. तेवढं नको."

"पण बर्गरच काऊन?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

उत्तर मधुकररावांनी दिलं, खिडकीकडे बघत. नागपूरला लाईटसाठी नंबर लावून बसायचे, तिथल्या खिडकीसमोर एका हॉटेलचा मोठा फलक होता. त्यावर बर्गरचं चित्र, रस ओघळणारं. दीड महिना रोज तेच समोर. कशाचीच वासना न राहिलेल्या द्वारकाबाई एक दिवस म्हणाल्या, हे खाले कसं लागत असन हो? मधुकरराव धावत जाऊन एक घेऊन आले. तो कोरडा ठक्क निघाला. द्वारकाबाईंना एक घासही गिळता आला नाही.

"तिनं काही मागतलं, असं लय दिसानं झालं होतं सर," ते म्हणाले. "आन् मी आनलं ते तिच्या घशात अटकलं."

पुढच्या रविवारी फाटकाशीच मी डोंगरदिव्यांना गाठून सगळं सांगितलं. डोंगरदिवे एवढंच म्हणाले, "थांबा जरा सर," आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून फुटाण्यांची पुडी घेऊन आले. अर्धे माझ्या तळहातावर ओतले.

"वल्ल्या तोंडानं काय परीक्षा देता? चावा. पानी पिऊ नका."

आम्ही दोघं साठीला टेकलेले बाप्ये फाटकात उभं राहून कोरडे फुटाणे चावत राहिलो, जीभ टाळूला चिकटेपर्यंत. द्वारकाबाईंचं तोंड कसं असेल, याचा एवढाच अंदाज आम्हाला येण्यासारखा होता. आत गेलो तेव्हा डोंगरदिव्यांच्या मिशीला फुटाण्याची टरफलं चिकटली होती. मधुकररावांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि तवा ठेवला.

"पह्यल्याच घासाले," मी त्या दिवशी म्हणालो.

"पह्यल्या," डोंगरदिवे म्हणाले.

मधुकररावांनी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला नाही. आता त्यांना खरी उत्तरं मिळत होती.

त्यानंतर दर रविवारी फुटाणे. पाव दुधात भिजवून खिम्यात घातला, तर पाणी दुसऱ्या घासाला लागलं. पावाची आतली बाजू तव्यावरच्या रसात टेकवली, तर तिसऱ्या. मग एकदा द्वारकाबाईंसाठी केलेला बकऱ्याच्या पायांचा रस्सा फ्रिजमध्ये राहिला आणि थिजून जेलीसारखा झाला. मधुकररावांनी ती वाटी उलटी करून पाहिली. रस्सा पडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याचे बारीक तुकडे करून खिम्यात मिसळले. तव्यावर टिक्की बाहेरून खरपूस झाली आणि आत सगळा रस्सा वितळून बसला. फुटाण्यांनी सुकलेल्या माझ्या तोंडात तो घास कधी गेला आणि कधी उतरला, मला कळलंही नाही. हनुवटीवरून रस ओघळला. डोंगरदिव्यांनी अख्खा बर्गर संपवला आणि बोटं चाटली. पाण्याचं नाव नाही.

मधुकररावांनी आमच्यावर विश्वास ठेवला नाही. आणखी एक रविवार परीक्षा घेतली.

पुढे नागपूरला वजन काट्यावर किंचित वर भरलं आणि नळी टळली, हे मी आधीच सांगून टाकतो. कारण ज्या रविवारबद्दल मी सांगणार आहे, त्या दिवशी हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तपासणी चार दिवसांवर होती. फुटाणे चावून आम्ही ओट्यावर बसलो होतो. आतून द्वारकाबाई बाहेर आल्या. सांडतं, ओघळतं म्हणून आजारपणानंतर त्या चारचौघांत कधी जेवल्या नव्हत्या. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज इथीसाच खातो."

मधुकररावांनी त्यांच्या हातात बर्गर दिला. शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला, काठोकाठ भरलेला. आम्ही आपापल्या बशीत डोकं घातलं.

पहिला घास. मधुकरराव स्टुलावर बसून त्यांच्या गळ्याकडे बघत होते. घास उतरला. दुसरा. त्या फार सावकाश चावत. रस हनुवटीवरून साडीवर ओघळला. त्यांनी पुसला नाही. तिसऱ्या घासाला मधुकररावांचे ओठ हलले, पण नेहमीचा प्रश्न काही त्यांच्या तोंडून बाहेर पडला नाही. चौथा. अर्धा संपला. डोंगरदिवे देवासमोर बसल्यासारखे हात जोडून बसले होते, आणि ते हात जोडलेत हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटचा तुकडा द्वारकाबाईंनी बोटाने आत ढकलला आणि डोळे मिटून गिळला.

ग्लास तसाच भरलेला होता.

द्वारकाबाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "चित्रातल्यावानी लागते."

मधुकरराव उठले. त्यांनी तो ग्लास उचलला, आमच्याकडे पाठ केली आणि सगळं पाणी स्वतःच प्यायले. पिऊन झाल्यावरही ते बराच वेळ तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"अहो," द्वारकाबाई म्हणाल्या, "त्या दोघायले पानी द्या आता. तोंडं पाहा त्यायची."

मग इंगळे फिटर आत गेले आणि माठातलं थंडगार पाणी घेऊन आले. मोठा पितळी तांब्या, दोन पेले, पाहुण्यांपुढे ठेवतात तसं. डोंगरदिव्यांनी एका दमात पेला रिकामा केला. मीही माझा ओठाला लावला. फुटाण्यांनी कोरड्या पडलेल्या घशातून अख्खा बर्गर सरळ उतरला होता, पण ते पाणी काही केल्या उतरेना.