आठ बरण्या आणि निसोओपाचा हात

आठ म्हाताऱ्यांनी काल दिवसभरात चोवीस लिटर चहा रिचवला होता आणि आठ बरण्यांत मिळून परत आले होते नऊ लिटर. उरलेले पंधरा लिटर कुठे गेले, हे अख्ख्या मर्गिलान शहरात कुणाला सांगता येत नव्हते. मोहिदिलने बरण्या उजेडात धरून पाहिल्या, मोजपात्र बदलून पाहिले, बेरीज तीनदा केली. बेरीज बरोबर होती, आणि तेच तिचे दुखणे होते.

मोहिदिल औषधांवर संशोधन करणारी डॉक्टर. सहा वर्षे ती एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती. पायांची सूज उतरवायला देतात ती लघवीची गोळी आणि झोपेची गोळी एकाच माणसाला दिल्या तर काय होते? एक गोळी म्हणते ऊठ, दुसरी म्हणते झोप. माणसाने ऐकायचे कुणाचे? लोक हा प्रश्न ऐकून हसत. मोहिदिलला हसू येत नसे. तिचे वडील याच दोन गोळ्या घेऊन झोपले होते, अर्धवट झोपेत उठले, अंगणात पडले आणि पुन्हा कधी काठीशिवाय चालले नाहीत.

वसंतात तिने नुसत्या लघवीच्या गोळीची चाचणी विद्यार्थ्यांवर केली होती. ते निमूटपणे मोजपात्रातून पाणी प्यायले आणि हिशेब चोख लागला. आता दोन्ही गोळ्या एकत्र द्यायच्या होत्या, आणि त्या ज्यांना खरोखर लागतात अशा वयाच्या माणसांना. म्हणून चिनाराखालच्या चहाखान्यातली आठ थोर माणसे तिच्या संस्थेच्या दवाखान्यात सहा दिवस दिवसभर येऊन राहायला कबूल झाली. त्यांचे पुढारी मामासोली-ओता, म्हणजे मामासोली आजोबा. पाण्याचा पेला पाहताच त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले की पाणी गुरांना पाजतात. तेव्हा मोहिदिलने नियमांत बदल केला: हिरवा चहा, पियाल्याने म्हणजे बिनकानाच्या वाटीने, माणशी वीस. एक पियाला म्हणजे दीडशे मिलिलिटर. तिने स्वतः नळाखाली काठोकाठ भरून मोजला होता.

चहा ओतायचे काम निसोओपाकडे. ओपा म्हणजे ताई; या परिचारिकाबाई तीस वर्षे नोकरीत होत्या, आणि एकही पियाला वहीत खूण केल्याशिवाय सोडत नव्हत्या. मोहिदिललाही त्या अधूनमधून पाऊण पियाला भरून देत. कामावरच्या पोरीला आणखी काय द्यायचे?

तिसऱ्या दिवशी मोहिदिलने एक चूक केली. ताश्कंदला फोन करून आपले मार्गदर्शक प्राध्यापक बोतिर सुन्नातोविच यांना विचारले की मोजण्यात कुठे गफलत झाली असेल. त्यांना गफलत ऐकूच आली नाही. त्यांना शोध ऐकू आला. दोन औषधे एकत्र आली की शरीरात पाणी अडते, जगात कुणाला हे ठाऊक नाही, असे ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत तो "तुझा शोध"चा "आपला शोध" झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "मी हे कधीचं म्हणतोय" इथपर्यंत पोचला. सहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता ते स्वतः मर्गिलानला येणार होते. निबंध त्यांनी टंकून घेतला होता आणि पहिले नाव अर्थातच त्यांचे होते.

मोहिदिलला मात्र हे पटत नव्हते. रोज दोन-दोन लिटर पाणी पोटात अडले असते तर एव्हाना आठही जण कलिंगडासारखे फुगले असते. तिने सगळ्यांना वजनकाट्यावर उभे केले. कुणाचे वजन छटाकभरही वाढले नव्हते. म्हणजे पाणी बाहेर जात होते, फक्त बरणीत जात नव्हते. खिडकीबाहेरचे जर्दाळूचे झाड या आठवड्यात जरा जास्तच तरारल्यासारखे तिला वाटू लागले. पाचव्या दिवशी ती त्या झाडामागे दीड तास दबा धरून बसली. एक मांजर आले आणि गेले. शेवटी तिने मामासोली-ओतांनाच सरळ विचारले.

"पोरी," ते शांतपणे म्हणाले, "माझ्या वयाचा माणूस झाडामागं जातो तेव्हा लपून जात नाही. चार जणांना सांगून जातो."

सहाव्या दिवशी सकाळी दहाला गोळ्या दिल्या गेल्या आणि चहा सुरू झाला. मोहिदिलने ठरवले की आज जागचे हलायचे नाही, पाण्याचा थेंबन् थेंब डोळ्यांखालून जाऊ द्यायचा. ती खाटेशी स्टूल ओढून बसली. निसोओपाने छातीवर हात ठेवून मामासोली-ओतांना पियाला दिला. त्याच्या तळाला रंगवलेले कापसाचे फूल होते, आणि चहा कसाबसा त्या फुलावर आला होता.

मोहिदिल जन्मापासून हेच बघत आली होती. पियाला जितका रिकामा तितका मान मोठा, म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा वाढता येते. आणि काठोकाठ भरला की पाहुण्याने समजायचे, दार तिकडे आहे. तिला हे ठाऊक नव्हते असे नाही. स्वतःचे नाक जसे ठाऊक असते तसे ठाऊक होते, म्हणूनच कधी दिसले नव्हते.

"ओपा, तुम्ही रोज एवढाच ओतता?"

"मग काय काठोकाठ ओतू? आठ-आठ थोर माणसं बसलीत. माझ्या आईनं असं वळण नाही लावलं मला."

"पण वहीत एक पियाला म्हणून खूण करता."

"पियाला एकच असतो की."

मोहिदिलच्या डोक्यात पंधरा लिटर पाण्याचा उलगडा झाला, आणि त्या आनंदात तिचे भान सुटले. निदान शेवटचा दिवस तरी नियमाप्रमाणे व्हावा म्हणून तिने किटली हिसकावून घेतली. निसोओपा नको नको म्हणत असताना आठही पियाले काठोकाठ भरले आणि ते सगळ्यांच्या पुढे ठेवले. हा अपमान नाही, मोजमाप आहे, असेही ती म्हणाली. ते कुणाच्या कानात शिरले नाही. मामासोली-ओतांनी पियाल्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि उशाची टोपी उचलून डोक्यावर घातली.

"निघा म्हणायला तोंड होतं की, पोरी," ते म्हणाले.

आठही जण एका ओळीत बाहेर पडले. ओळ फाटकापर्यंत पोचली तेव्हा मोहिदिलला त्यांच्या पोटातल्या गोळ्या आठवल्या. अर्ध्या तासात एक गोळी त्यांना झोपवणार होती आणि दुसरी उठवणार होती, तेही भर बाजारात. तिला अंगणात पडलेले वडील दिसले. आता निबंध राहो की जावो, यातला एकही माणूस ती पडू देणार नव्हती. तिने जेवणाची ढकलगाडी रिकामी केली, तिच्यावर आठ बरण्या चढवल्या आणि निसोओपाला घेऊन त्यांच्या मागे निघाली. बाजारात दोन बायकांनी थांबवून विचारले की यंदा मुरंबा इतक्या लवकर घातलात का. निसोओपाने सांगितले की हो, पण चाखण्यासारखा नाही.

चहाखान्यातल्या मोठ्या लाकडी माच्यावर आठही जण बसले होते आणि तिघांच्या माना आधीच लवंडल्या होत्या. मोहिदिलने बूट काढले, वर चढली आणि किटली मागवली. रीतीप्रमाणे पहिला चहा तीनदा पियाल्यात ओतून तीनदा किटलीत परत केला. मग छातीवर हात ठेवून मामासोली-ओतांच्या पियाल्यात इतका थोडा ओतला की तळाचे फूल भिजले न भिजले.

"आता तुझं मोजमाप नाही का चुकत?" ओतांनी विचारले.

"मघाशी चुकलं होतं, ओता. मी चुकले."

त्यांनी पियाला संपवला, टोपी तोंडावर ओढली आणि आडवे झाले. थोड्याच वेळात माचा घोरण्याने हादरू लागला.

पुढचे तीन तास मोहिदिल घड्याळ आणि वही घेऊन बसून राहिली. एकेक म्हातारा वेळ झाली की आपणहून उठे, बरणी मागे, मागच्या आडोशाला जाई आणि येऊन पुन्हा झोपे. एकालाही हाक मारावी लागली नाही. पण पहिल्या दोन तासांत जो उठला त्याचे डोळे उघडे असत आणि पाय झोपलेले असत. निसोओपाने दंडाला धरले नसते तर त्यातले चार जण नक्की पडले असते. दोन तासांनंतर उठलेला मात्र नीट चालत गेला. दवाखान्यात बरणी खाटेशीच असे, म्हणून हे आजवर दिसले नव्हते. मोहिदिलने तिसऱ्यांदा आकडे पाहिले. माणूस वेळेवर जागा होतो, त्याचे पाय दोन तास उशिरा जागे होतात, बस एवढेच. मग दोन गोळ्यांत अंतर ठेवा, नाहीतर हाताशी कुणीतरी ठेवा. वडिलांच्या वेळी हे एवढे कुणाला ठाऊक असते तर, असे तिच्या मनात आले आणि ती चक्क रडली.

मग डोळे पुसून तिने मोजपात्र काढले आणि निसोओपाला थोरांना ओततात तसा वीस वेळा चहा ओतायला लावला. वीसही वेळा पन्नास मिलिलिटर, थेंब इकडे नाही की तिकडे नाही. वीस पियाल्यांचा एक लिटर, आठ जणांचे आठ. आठ आत, नऊ बाहेर. लघवीची गोळी आपले काम इमानाने करत होती. सहा दिवसांची वही त्या एका हातामुळे वाचली.

तीनच्या सुमाराला बोतिर सुन्नातोविच रिकाम्या खाटा पाहून, विचारत विचारत चहाखान्यात आले. सगळे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मग ते मांडी घालून ऐसपैस बसले आणि समजावू लागले की आकडे आहेत तसे राहू देत, पियाला म्हणजे पियाला, कोण बघायला येणार आहे.

"उद्या एखादा डॉक्टर ते वाचेल," मोहिदिल म्हणाली, "आणि पाणी अडतं म्हणून सुजलेल्या माणसाला गोळी दुप्पट देईल. मी नाही ते होऊ देणार."

"म्हणजे म्हाताऱ्यांच्या पायांवर निबंध लिहायचा? त्यावर मी माझं नाव घालायचं?"

आणि ते परदेशातल्या परिषदेबद्दल सांगू लागले. सांगता सांगता त्यांनी पाठीशी आणखी एक उशी ओढली. मोहिदिलने किटली उचलली आणि त्यांचा पियाला सावकाश, अगदी काठापर्यंत भरला. माच्यावरचे घोरणे एकाएकी थांबले. बोतिर सुन्नातोविच पियाल्याकडे बघत राहिले, मग त्यांनी आजूबाजूला पाहिले. मामासोली-ओता टोपीखालून एक डोळा उघडून बघत होते. प्राध्यापकांनी तो कढत चहा चार घोटांत संपवला आणि ते बूट शोधू लागले. निबंधावर मग एकच नाव राहिले.

ते गेल्यावर निसोओपाने किटली आपल्याकडे ओढली आणि मोहिदिलसाठी चहा ओतला. पियाला तिच्या हातात आला तेव्हा तळाचे फूल पाकळीन् पाकळी दिसत होते. मोहिदिलने तो एका घोटात संपवला. निसोओपाने सवयीने वही उघडून खूण केली.

"पन्नास लिहा, ओपा," मोहिदिल म्हणाली.

निसोओपाने मोजपात्राकडे पाहिलेसुद्धा नाही.

"तुझा तीसचा होता," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तसे लिहिले.