बन्सीकाकांचा पेढा

शेजारचे बन्सीकाका गिऱ्हाइकाचं तोंड नंतर बघतात, आधी पाय. राजूरला गणपतीच्या वाटेवर त्यांचं पेढ्यांचं दुकान, त्याला लागून माझं नारळ-हारांचं. "बुटाला धूळ न्हाई म्हंजे जीपमधून उतरलेला. जीपमधून उतरलेला म्हंजे साहेब," असं त्यांचं शास्त्र.

साहेब म्हणजे अन्न तपासणीवाले. संशय आला की काका डोक्यावर टोपी चढवतात, पेढ्यांवर जाळी ओढतात आणि भिंतीवरचा परवाना सरळ करतात. एकदा एकाने "खवा कुठला?" एवढंच विचारलं. काकांनी त्याला गोठा, म्हैस, म्हशीचं लसीकरण, सगळं ऐकवलं. तो बिचारा लग्नाची ऑर्डर द्यायला आला होता. घाबरून निघून गेला.

"पळाला. म्हंजे होताच," काका मला म्हणाले.

चतुर्थीला मात्र त्यांचे हाल. दर्शनाहून येणारा जो तो अनवाणी, म्हणून सगळ्यांवरच संशय.

अशाच एका चतुर्थीला कपाळाला शेंदूर लावलेल्या एका बाईंनी पेढे घेतले, पैसे दिले आणि ओळखपत्र काढलं. "नमुना घ्यायचाय. साक्षीला कुणाला तरी बोलवा."

मी गेलो. बाईंनी पेढ्यांचे भाग केले, सील लावलं, सह्या घेतल्या. नमुना नापास झाला तर दुकान बंद.

बाई निघाल्या तसे काका म्हणाले, "मॅडम, जरा थांबा." आता हे पाकीट सरकवतात की काय, अशी मला शंका आली. त्यांनी परातीतला एक पेढा पुढे केला.

"हे चालत नाही, काका."

"तसं न्हाई ओ. मागं ताप आल्ता, तेव्हापासून जिभेला चवच न्हाई. आमची मंडळी चाखून सांगायची. ती वारली, मंग अंदाजानंच करून राह्यलो. गिऱ्हाईक तोंडावर खरं बोलत न्हाई. तुम्ही बोलाल."

इतकी वर्षं शेजारी बसून मला हे ठाऊक नव्हतं.

बाईंनी त्या पेढ्याचे पैसे वेगळे ठेवले, मग तो सावकाश खाल्ला. "वेलची जास्त झालीय."

"अन् साखर?"

"साखर बरोबर आहे."

नमुना पुढे पास झाला. पण त्या दुपारी, बाई गेल्यावर, काका कितीतरी वेळ स्टुलावर बसून होते. गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"येलचीला नाव ठेवलं," ते मला म्हणाले. "घरातलं माणूस ठेवतं तसं."